जामीन राहिलेला देश

९ ऑक्टोबर १९८७. मद्रासच्या चेपॉक मैदानावर गतविजेता भारत विश्वचषकातला आपला पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या एका धावेनं हरला. पुढचे दोन-तीन दिवस देशभर पारावर, कचेरीत, एसटी स्टँडवर ती एक धाव चघळली जात होती. ११ तारखेला रविवार होता. सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागलं आणि नेहमीप्रमाणे रस्ते ओस पडले. त्याच रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास भारतीय हवाई दलाची एमआय-८ हेलिकॉप्टरं श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे उतरलेल्या तीस शीख जवानांपैकी एकोणतीस जण मरण पावले होते.

राहुरीत राहून श्रीलंकेतल्या लढाईवर लिहायचं कारण काय, असं कोणी विचारेल. कारण सांगण्यासारखं आहे. मुळा धरणाच्या परिसरात, नगर, पारनेर आणि राहुरी या तीन तालुक्यांच्या सीमेवर लष्कराचं के. के. रेंज हे सरावक्षेत्र पसरलेलं आहे. खारे-कर्जुने या गावावरून त्याला हे नाव पडलं. वावरथ, जांभळी, बारागाव नांदूर या भागातल्या माणसांना तोफगोळ्यांचा आवाज नवा नाही. तिथे रणगाडे आणि चिलखती गाड्या सराव करतात, कारण नगरला चिलखती दलाचं केंद्र आहे आणि यांत्रिक पायदळाचंही आहे. यांत्रिक पायदळाची रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली ती मुख्यतः ज्यांच्या आग्रहामुळे, ते जनरल कृष्णस्वामी सुंदरजी १९८७ मध्ये लष्करप्रमुख होते. श्रीलंकेत उतरलेल्या सैन्याची सर्वोच्च सूत्रं होती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे, आणि ते होते पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख. जाफन्याच्या गल्ल्यांत शिरलेल्या बीएमपी या चिलखती गाड्या, त्यांच्यामागून चाललेल्या पलटणी, त्यांना निघणारे हुकूम या सगळ्यांचा एक धागा आपल्या मुलखातून जातो. तरीही ती लढाई आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पासष्ट, एकाहत्तर आणि कारगिल पोरांना तोंडपाठ असतं. १९८७ ते १९९० हा काळ मात्र मधेच गळून पडलेला असतो.

तो का गळला, हे समजून घ्यायचं तर आपण त्यात शिरलो कसे ते आधी पाहावं लागतं. त्या वेळी दक्षिण आशियात भारतापुढे उभं राहील असं लष्कर शेजारच्या एकाही छोट्या देशाकडे नव्हतं. तरी एका बेटाच्या उत्तर टोकावर आपण अडीच वर्षं रुतलो. आणि तिथे आपल्याला कोणी ढकललं नव्हतं. एकेक पाऊल आपणच टाकलं, प्रत्येक पावलाला त्या-त्या वेळी पटण्यासारखं कारण होतं, आणि मला तर हीच गोष्ट सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते.

सुरुवात १९८३ ची. २३ जुलैला जाफन्याजवळ तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेनं, श्रीलंकेच्या लष्कराच्या तेरा सैनिकांना मारलं. त्याचा सूड कोलंबोतल्या निरपराध तमिळांवर निघाला. मतदार याद्या हातात घेऊन जमाव घरोघर फिरले, दुकानं पेटली, माणसं जाळली गेली. लाखाहून अधिक तमिळ निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. दिल्लीवर तमिळनाडूच्या जनमताचा दाब होताच. शिवाय त्रिंकोमाली बंदर अमेरिकेच्या हाती जाईल ही शीतयुद्धाच्या काळातली धास्ती होती. अध्यक्ष जयवर्धने उघडउघड पाश्चिमात्य देशांकडे झुकलेले होते. इंदिरा गांधींच्या सरकारनं एका हातानं वाटाघाटी चालवल्या आणि दुसऱ्या हातानं तमिळ तरुणांच्या गटांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. तमिळनाडूत आणि उत्तर प्रदेशच्या डोंगरांत त्यांची शिबिरं चालली. यामागचा हिशेब असा की हे गट कोलंबोवर दबाव ठेवतील आणि लगाम आपल्या हाती राहील.

लगाम राहिला नाही. वेलुपिल्लै प्रभाकरन यांच्या वाघांनी १९८६ मध्ये टेलो या भावकीतल्याच गटाचा कणा मोडला आणि एकेका प्रतिस्पर्ध्याला संपवत तमिळांचा एकमेव आवाज होण्याकडे वाटचाल केली. १९८५ मध्ये भूतानच्या थिंफूत बोलणी झाली होती, ती फिसकटली. मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या लष्करानं वडमराच्चीत मोठी मोहीम उघडली आणि जाफना पडणार असं दिसू लागलं.

इथून पुढचे दोन महिने बारकाईनं पाहण्यासारखे आहेत. ३ जूनला भारतानं मदतीचं अन्नधान्य भरलेल्या मासेमारी बोटी पाठवल्या, श्रीलंकेच्या नौदलानं त्या परतवल्या. दुसऱ्याच दिवशी पाच एएन-३२ विमानं मिराज-२००० लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर गेली आणि सुमारे २५ टन सामान छत्र्यांनी खाली सोडून आली. धान्य थोडं होतं, निरोप मोठा होता. जयवर्धने यांना तो कळला. ते वयानं ऐंशीच्या घरातले, अत्यंत मुरलेले राजकारणी. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना, म्हणजे जेव्हीपी ही सिंहली बंडखोर संघटना, पुन्हा डोकं वर काढत होती आणि उत्तरेत वाघ होते. दोन्ही आघाड्या एकाच वेळी लढण्याएवढं सैन्य त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी भारताशी करार करायचं ठरवलं.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी सह्या केल्या. उत्तर आणि पूर्व प्रांत तूर्त एक करायचे, प्रांतिक परिषद द्यायची, तमिळ गटांनी युद्धबंदीनंतर ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवायची, आणि या सगळ्याची हमी भारतानं घ्यायची. गरज पडल्यास भारत शांतिसेना पाठवेल, हेही त्यातच होतं. ज्यांच्या हातात शस्त्रं होती त्यांची सही मात्र त्या कागदावर नव्हती. प्रभाकरन यांना दिल्लीच्या अशोका हॉटेलात आणून ठेवलं होतं, राजीव गांधींशी त्यांची भेट झाली, दबाव आणि आश्वासनं दोन्ही झाली, आणि त्यातूनच त्यांचा होकार धरण्यात आला. सहकारी पतसंस्थेच्या कागदावर दुसऱ्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाचं काय होतं, हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगायला नको: कर्ज घेणारा मोकळा फिरतो आणि जप्तीची नोटीस जामीनदाराच्या दाराला चिकटते. भारत त्या दिवशी दोन कर्जदारांना जामीन राहिला. फेडण्याची इच्छा त्यांतल्या एकालाही नव्हती.

सही झाली त्या दिवशीच कोलंबोत दंगल उसळली होती. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना विजिता रोहन नावाच्या नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून वार केला. ते झटकन वाकले, म्हणून डोकं वाचलं आणि घाव खांद्यावर निभावला. त्याच दिवशी मेजर जनरल हरकिरत सिंग यांच्या ५४ व्या डिव्हिजनचे जवान पलाली विमानतळावर उतरू लागले. जाफन्याच्या लोकांनी त्यांना हार घातले. आपलं रक्षण करायला भारत आला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. जवानांनाही आपण शस्त्रं गोळा करायला आणि माणसांना धीर द्यायला आलोय असंच सांगण्यात आलं होतं. लढाईचे नकाशे अपुरे होते, कारण लढाई होणार असं कोणी धरलंच नव्हतं. उत्तरेतलं श्रीलंकेचं सैन्य जयवर्धने यांना आता दक्षिणेला हलवता आलं.

वाघांनी थोडी जुनी शस्त्रं समारंभपूर्वक खाली ठेवली, बाकीची पुरली. १५ सप्टेंबरला थिलीपन हा त्यांचा तरुण नेता नल्लूरच्या मंदिराजवळ उपोषणाला बसला. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असं त्यानं जाहीर केलं होतं. २६ तारखेला तो गेला आणि जाफन्यातल्या सामान्य माणसाचं मन भारतावरून उडालं. ३ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या नौदलानं समुद्रात सतरा वाघांना पकडलं, त्यांत पुलेंद्रन आणि कुमारप्पा हे दोन मोठे म्होरके होते. कोलंबो त्यांना चौकशीसाठी राजधानीत नेण्यावर अडून बसलं, भारत ते रोखू शकला नाही, आणि ५ ऑक्टोबरला पलालीत त्यांनी सायनाइडच्या कुप्या चावल्या. बारा जण मेले. वाघांनी समझोता मोडला. पूर्व प्रांतात सिंहली गावकऱ्यांच्या कत्तली झाल्या. हमी देणाऱ्यानं आता हमी पाळावी, असं कोलंबो म्हणू लागलं.

भारताचे कोलंबोतले उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनी पुढे 'असाइनमेंट कोलंबो' या पुस्तकात त्या काळाचा लेखाजोखा मांडला. वाघांना आवरणं फार दिवसांचं काम नाही, असा लष्करी नेतृत्वाचा अंदाज त्या वेळी होता. हरकिरत सिंग यांनीही नंतर पुस्तक लिहिलं आणि त्यात एक धक्कादायक दावा केला: सप्टेंबरमध्ये प्रभाकरन बोलणीसाठी येणार होते तेव्हा त्यांना तिथेच गोळी घालावी असं आपल्याला सांगण्यात आलं, आणि पांढरं निशाण घेऊन आलेल्या माणसाला सैनिक मारत नाही म्हणून आपण नकार दिला. हा दावा वादात आहे. पण मुत्सद्दी, सेनापती आणि गुप्तचर तिघं तीन दिशांना पाहत होते, एवढं या दोन्ही पुस्तकांवरून स्पष्ट होतं. ज्यांना काल शिकवलं त्यांच्याशी आज लढायचं होतं, आणि त्यांची ताकद किती हे ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनी ती कमी लेखली.

आता त्या फुटबॉल मैदानाकडे वळू. बेत असा होता की विद्यापीठाच्या आवारात वाघांचं मुख्य ठाणं आहे, तिथे रात्री अचानक उतरायचं आणि प्रभाकरन यांना पकडायचं. १० पॅरा कमांडोंची तुकडी आधी उतरेल, मग १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरांच्या फेऱ्यांनी आणले जातील. वाघांनी भारतीय वायरलेस ऐकला होता. ते मैदानाभोवतीच्या इमारतींत दबा धरून बसले होते. सुमारे शंभर कमांडो आणि मेजर बिरेंदर सिंग यांच्या हाताखालचे तीस शीख उतरले तोवर हेलिकॉप्टरांची चाळण झाली होती. पुढची फेरी येऊ शकली नाही. मैदान सपाट, आडोसा नाही, चहूबाजूंनी मशीनगन. कमांडो आजूबाजूच्या वस्तीत शिरले आणि घराघरांतून लढत राहिले. शिखांनी मैदान सोडलं नाही. सकाळ झाली, ऊन चढलं, गोळ्या संपत गेल्या. शेवटी उरलेल्या तिघांनी संगिनी लावून धाव घेतली. त्यांतले दोघे पडले. तिसरा, शिपाई गोरा सिंग, जिवंत पकडला गेला आणि त्याच्याच तोंडून ही हकीकत पुढे कळली. कमांडोंना सोडवायला मेजर अनिल कौल टी-७२ रणगाडे घेऊन निघाले. रस्त्यांत सुरुंग पेरले असणार हे ओळखून त्यांनी रणगाडे रेल्वेच्या रुळांवरून नेले. त्या कामात त्यांचा एक डोळा गेला.

जाफना हातात यायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. आमच्या जवानाच्या हाती जड एसएलआर रायफल, समोरच्या पोराच्या हाती एके-४७. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी सुरुंग, प्रत्येक गच्चीवर नेमबाज, आणि लढणारा कोण आणि भाजी आणायला निघालेला कोण हे ओळखायची सोय नाही. शहर घेईपर्यंत दोनशेहून अधिक भारतीय सैनिक मरण पावले.

आणि एक गोष्ट लिहिणं जड जातं, पण वगळली तर हा लेख खोटा ठरेल. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय जवान जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. वाघांनी तिथून गोळीबार केला, असं लष्कराचं म्हणणं होतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिथे रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मिळून साठहून अधिक माणसं गेली. जाफना विद्यापीठातल्या वैद्यकीय शिक्षिका डॉ. राजनी तिराणगम यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय लष्कर, श्रीलंकेचं लष्कर आणि वाघ या तिन्ही बाजूंचे अत्याचार नोंदवून ठेवले. सप्टेंबर १९८९ मध्ये सायकलवरून घरी परतत असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या जवानांच्या शौर्याचा अभिमान आणि त्या रुग्णालयाची लाज एकाच मनात ठेवता आली पाहिजे, असं मला वाटतं. जी माणसं हार घेऊन उभी होती तीच तीन महिन्यांत दारं लावून बसली, ती काही फक्त वाघांच्या भीतीनं नव्हे.

महाराष्ट्राच्या वाट्याचं एक नाव इथे घ्यायलाच हवं. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, शीवच्या एसआयईएस संस्थेत शिकले, आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधून श्रीलंकेत गेले. ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. महार तरुणांना लष्कराची बंद झालेली दारं पुन्हा उघडावीत म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी जो लढा दिला होता, त्याचं ते फळ होतं. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचं त्या रेजिमेंटशी नातं आहे. २५ नोव्हेंबर १९८७ ला रात्री उशिरा परमेश्वरन यांची तुकडी झडतीहून परतत होती. कंतरोडै गावाजवळ वाघांनी घेरलं. परमेश्वरन यांनी मागे न हटता वळसा घेतला आणि शत्रूच्याच पाठीवर चालून गेले. हातघाईत एकानं त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याच्याच हातची रायफल हिसकावून त्याला ठार केलं, आणि शेवटचा श्वास असेपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. या संपूर्ण मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं.

त्यानंतरची दोन वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती एकसारखीच होती. वाघ वन्नीच्या जंगलात गेले. त्यांच्यामागे सैन्य गेलं, सुरुंगांनी माणसं गेली, म्हणून आणखी सैन्य आलं. एका डिव्हिजनच्या चार झाल्या, आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. नगरच्या माणसाला अशी मोहीम ओळखीची वाटायला हवी. १६८१ मध्ये औरंगजेब दख्खन जिंकायला उतरला, सरदार उत्तरेकडच्या घराच्या आठवणीनं कंटाळले, किल्ले घेतले जात आणि परत जात, आणि १७०७ मध्ये बादशहा आपल्याच जिल्ह्यातल्या भिंगारला मेला. दिल्लीला तो परतलाच नाही.

श्रीलंकेत तोवर भारत हवासा वाटणारं कोणीच उरलं नव्हतं. तमिळांना आपण दगाबाज वाटत होतो, सिंहलींना घुसखोर. जेव्हीपीनं भारतीय मालावर बहिष्कार पुकारला, आणि तिथल्या बाजारात 'बॉम्बे अनियन' म्हणून विकला जाणारा कांदाही त्यातून सुटला नाही. वांबोरीच्या लिलावात ज्यांचं वर्ष ठरतं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जानेवारी १९८९ मध्ये अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी भारतीय सैन्यानं २९ जुलैपर्यंत चालतं व्हावं असं जाहीर बजावलं. पुढे तर असंही उघड झालं की त्यांच्याच सरकारनं वाघांना शस्त्रं पुरवली, भारतीयांशी लढण्यासाठी. ज्या दोघांमध्ये आपण शांतता राखायला गेलो होतो, ते दोघे आपल्याविरुद्ध एक झाले होते.

इकडे देशातही या मोहिमेला वाली नव्हता. बोफोर्सनं राजीव गांधींचं सरकार पोखरलं होतं. १९८९ च्या निवडणुकीनंतर आलेल्या विश्वनाथ प्रताप सिंगांनी सैन्य परत आणायचं ठरवलं. २४ मार्च १९९० रोजी शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून निघालं. अकराशेहून अधिक जवान परतले नव्हते, तीन हजारांच्या आसपास जखमी होते. मद्रासच्या बंदरावर स्वागत ठेवलं होतं, पण तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्या तमिळ बांधवांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत करायला आपण जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या राज्यातल्या जनमताचा विचार केला तर ती समजू शकते. पण बोटीवरून उतरणाऱ्या शिपायानं धोरण आखलेलं नव्हतं, आणि त्याच्यासमोरची ती रिकामी खुर्ची मला आजही खटकते. वर्षभरानं, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरच्या सभेत वाघांच्या आत्मघातकी हल्लेखोर तरुणीनं राजीव गांधींचा बळी घेतला.

श्रीलंकेत मरण पावलेल्या या जवानांची नावं कोलंबोजवळ श्रीलंकेनं स्मारकावर कोरली. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला २०१९ उजाडावं लागलं. शेजारी देशानं, ज्यानं आपल्याला घालवून दिलं, त्यानं आधी आठवण ठेवावी हे आपल्याला शोभणारं नाही. आपल्या तालुक्यातल्या शाळांनी परमेश्वरन यांचा २५ नोव्हेंबर तरी पाळावा. त्याला सरकारी आदेशाची गरज नाही.

दिल्लीचे राज्यकर्ते मात्र एक गोष्ट विसरले नाहीत, असं मी मानतो. २००३ मध्ये अमेरिकेनं इराक घेतलं आणि भारताकडे एक डिव्हिजन मागितली. मागणी साधी नव्हती. मैत्रीचं आमिष होतं, पुनर्बांधणीच्या कंत्राटांची आशा होती, सरकारमध्ये आणि वर्तमानपत्रांत जाण्याच्या बाजूनं वजनदार माणसं बोलत होती. लष्कर पुन्हा परक्याच्या भांडणात हमीदार म्हणून जाणार होतं. वाजपेयींच्या मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीनं १४ जुलैला निर्णय घेतला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर भारतीय सैन्य जाणार नाही. ती डिव्हिजन गेली नाही.